धागा: बाबांच्या लॅपटॉपवर अक्षरं फुगली आहेत (लिनक्स मिंट, १०२४ × ७६८ च्या पुढे जाईना)

रानजाई | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. लिनक्समधल्या जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

बाबांकडे २०१२ साली घेतलेला लॅपटॉप आहे. १५.६ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेलचं आतलंच, वेगळं कार्ड नाही. विंडोज ७ होतं. त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आणि मशीनही गोगलगाय झालं होतं. दिवाळीत मामेभावाने त्यावर लिनक्स मिंट २१ घालून दिलं, एक्सएफसीईवालं. मशीन पळायला लागलं, बाबा खूश.

पण पडद्यावर सगळं आडवं पसरलंय. गोल घड्याळ लंबगोल दिसतं, ‘ळ’ तर पंगतीतून उठून आल्यासारखा. शिरोरेषा धुरकट, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळलेले. बाबा रोज सकाळी ज्ञानेश्वरीची पीडीएफ वाचतात, तिची पार रया गेली आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ आणि ८०० × ६०० एवढे दोनच पर्याय दिसतात. लॅपटॉपवरच्या जुन्या स्टिकरवर मात्र १३६६ × ७६८ लिहिलंय.

आता खरी अडचण. मी पुण्यात, लॅपटॉप आणि बाबा गावी, पाटण तालुक्यात. जे करायचं ते फोनवरून. बाबा सरकारी कचेरीत टंकलेखक होते. इंग्रजी ४०, मराठी ३०, दोन्ही पास. जे सांगाल ते अक्षरन् अक्षर बरोबर टाईप करतील, पण स्वतःच्या मनाने एक कळ जास्तीची दाबणार नाहीत. तेव्हा विनंती अशी की आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. मी त्या तशाच वाचून दाखवते.

ता. क. : मिंट टाकल्यापासून उजेड कमीजास्त करायच्या कळाही चालत नाहीत. कीबोर्ड जुना झालाय म्हणून असेल.

सोलापुरी_चादर | शुक्रवार, रात्री ९:४०

ताई, लई सोपं आहे. आमच्या शाळेत मी हेच केलं. टर्मिनल उघडायला सांगा. ‘सीव्हीटी’, जागा, १३६६, जागा, ७६८. एन्टर. खाली ‘मोडलाईन’ने सुरू होणारी एक ओळ येईल, तिच्यात बारीकसारीक आकडे असतात. मोडलाईन हा शब्द सोडून बाकी सगळं कॉपी करायचं. मग ‘एक्सरँडर’, जागा, दोन डॅश, ‘न्यूमोड’, आणि पुढं ते कॉपी केलेलं. मग ‘अ‍ॅडमोड’ची आज्ञा, मग सेटिंगमध्ये नवीन माप दिसतंय बघा. पाच मिनिटांचं काम.

दगडूशेठ_नव्हे | शुक्रवार, रात्री ९:५५

फुकटचं घेतलं की असंच होणार. विंडोज १० टाका आणि शांत झोपा.

कर्नलसाहेब | शुक्रवार, रात्री १०:०४

@दगडूशेठ_नव्हे, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचेही नेहमीचे अपडेट थांबले. आणि ४ जीबीवर ते कसं चालतं हे रानजाईंच्या बाबांना विचारा.

रानजाई, सोलापूरकरांचा उपाय करायच्या आधी नुसतं ‘एक्सरँडर’ (पडद्याची मापं दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा) असं टाईप करून काय येतं ते कळवाल का?

रानजाई | शनिवार, दुपारी १२:२०

कर्नलसाहेब, तुमचा प्रतिसाद उशिरा पाहिला. तोपर्यंत काल रात्रीच सीव्हीटीचा प्रयोग झाला. पाऊण तास फोनवर होतो. बाबा प्रत्येक आकडा दोनदा म्हणून खात्री करत होते.

१. सीव्हीटीला १३६६ सांगितलं तर त्याने १३६८ चीच ओळ दिली. बाबांनी मला तीन वेळा विचारलं, “सहा की आठ?”

२. न्यूमोडची आज्ञा दिल्यावर ‘डीफॉल्ट’ नावाच्या आउटपुटचा गॅमा मिळत नाही, असं काहीतरी आलं. पुन्हा तीच आज्ञा दिली तर ‘बॅडनेम’, कंसात रंग किंवा फॉन्ट सापडत नाही. आम्ही रंग कुठे मागितला होता?

३. अ‍ॅडमोडला ‘बॅडमॅच’.

बाबांचं म्हणणं, मशीनला इंग्रजी कळत नाही.

कर्नलसाहेब | शनिवार, दुपारी १:०५

बाबांना माझा नमस्कार. त्यांनी एकही चूक केलेली नाही.

तो १३६८ आकडा : सीव्हीटी आडव्या ठिपक्यांची संख्या ८ च्या पटीतच देतो. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून तो पुढच्या पटीवर जातो. बॅडनेमचा अर्थ एवढाच की त्या नावाचा मोड पहिल्याच वेळी तयार झाला होता. तोच पुन्हा करायला गेलात म्हणून तक्रार आली. रंग-फॉन्टचा मजकूर जुन्या काळापासून त्या चुकीला चिकटलेला आहे, त्याच्याकडे बघू नका.

खरी खूण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात आहे. आउटपुटचं नाव ‘डीफॉल्ट’. धड चालणाऱ्या लॅपटॉपवर तिथे ‘एलव्हीडीएस’ किंवा ‘ईडीपी’ असं नाव दिसतं, म्हणजे पडदा ज्या जोडणीने बसवलाय तिचं. ‘डीफॉल्ट’ दिसलं की समजायचं, ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर जागेवर नाही आणि कुणीतरी बदली कामगार गाडा ओढतोय.

प्रत्येक पडद्यात स्वतःचं ओळखपत्र असतं, ईडीआयडी म्हणतात त्याला. मूळ भाग १२८ बाइटचा. मी अमुक मापाचा, मला अमुक वेग चालतो, हे पडदाच त्यात सांगतो. ड्रायव्हर ते वाचतो आणि बरोबर माप लावतो, आपल्याला काही करावं लागत नाही. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला हाताने माप घालावं लागतंय, म्हणजे ते ओळखपत्र वाचायला दारात कुणी उभंच नाही. तिथे मोडलाईन घालून काय उपयोग?

दोन आज्ञा द्या :

‘एलएसपीसीआय’, जागा, डॅश, के. येणाऱ्या यादीत ‘व्हीजीए’ शब्द असलेली ओळ आणि तिच्याखालच्या दोन-तीन ओळी हव्यात.

‘कॅट’, जागा, तिरकी रेघ, ‘प्रॉक’, तिरकी रेघ, ‘सीएमडीलाईन’. शेवटचा शब्द सलग, सी-एम-डी-एल-आय-एन-ई. जे येईल ते सगळं.

सोलापुरी_चादर | शनिवार, दुपारी १:३०

कर्नल, मान्य. पण मोडलाईन अगदीच टाकाऊ म्हणू नका राव. आमच्या शाळेत प्रोजेक्टरला दहा मीटरची व्हीजीए केबल, मध्ये स्प्लिटर. ओळखपत्र तिकडून इकडं पोचतच नाही. तिथं हातानंच माप घालावं लागतं, दुसरा इलाज नाही.

कर्नलसाहेब | शनिवार, दुपारी १:४२

शंभर टक्के मान्य. तिथे ड्रायव्हर हजर आहे, फक्त निरोप वाटेत हरवतोय. इथे उलटं दिसतंय.

पुष्करिणी | शनिवार, दुपारी २:१५

अवांतर : १३६६ हा विचित्र आकडा आला तरी कुठून?

कर्नलसाहेब | शनिवार, दुपारी २:३१

७६८ उंची जुन्या १०२४ × ७६८ मधली. तिला १६:९ ने रुंद केलं की १३६५.३३ येतं, ते वर ओढून १३६६. ईडीआयडीमध्ये छोट्या नोंदींचा एक तक्ता असतो, त्यातही रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते, त्यामुळे हे माप तिथे बसतच नाही. त्याच ओळखपत्रातल्या सविस्तर नोंदीत मात्र बसतं. ज्याने हे माप काढलं त्याला आमच्यासारख्यांचे तळतळाट लागले असणार.

रानजाई | शनिवार, सायंकाळी ७:५०

बाबांनी दोन्ही आज्ञा दिल्या आणि आलेला मजकूर वहीत उतरवून मला वाचून दाखवला. (फोटो पाठवा म्हटलं तर म्हणाले, वहीत राहिलेलं बरं.)

व्हीजीएच्या ओळीखाली ‘कर्नल मॉड्यूल्स : आय९१५’ आहे. बास, ‘ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळच नाही.

दुसरीत बरंच काही होतं. शेवटचे तीन शब्द : ‘क्वाएट’, ‘स्प्लॅश’, ‘नोमोडसेट’.

कर्नलसाहेब | शनिवार, रात्री ८:१०

सापडला!

पूर्वी पडदा किती ठिपक्यांचा ठेवायचा हे एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्या-चित्रं पडद्यावर काढणारा प्रोग्रॅम, बघायचा. २००९ साली, २.६.२९ आवृत्तीपासून, इंटेलच्या ग्राफिक्सपुरतं ते काम कर्नलने (मी नव्हे, लिनक्सचा गाभा) आपल्याकडे घेतलं. ‘नोमोडसेट’ म्हणजे कर्नलला दिलेली ताकीद, की पडद्याला हात लावायचा नाही. ती ऐकून इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर कामाला लागतच नाही. मग उरतो व्हेसाचा, म्हणजे कुठल्याही ग्राफिक्सवर जेमतेम चालणारा, जुना मार्ग. तिथे व्हिडिओ बायोसमधल्या ठरावीक मापांच्या यादीतून निवड करावी लागते आणि १३६६ × ७६८ त्या यादीत बहुतेकदा नसतं. म्हणून १०२४ वर अडलंय. तेवढंच चित्र १३६६ ठिपक्यांच्या रुंदीवर ताणलं की प्रत्येक अक्षर जवळपास एक तृतीयांश जाड होतं. तुमचा ‘ळ’ त्यामुळे फुगलाय. आणि देवनागरीला हे जास्त लागतं, कारण शिरोरेषेवरच्या बारीक खुणा एकेका ठिपक्यावर उभ्या असतात.

उजेडाच्या कळा चालत नाहीत, त्यातही याचा हात असणार. कीबोर्डला दोष देऊ नका.

आता प्रश्न हा की नोमोडसेट घातलं कुणी आणि कशासाठी? मिंट ते आपणहून घालत नाही. मामेभावाला विचारा. आणि तोपर्यंत कुठल्याही फाईलला हात लावू नका.

रानजाई | शनिवार, रात्री ९:२५

मामेभाऊ म्हणतो, इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू केलं तर पडदा काळा. मग त्याने एक व्हिडिओ पाहून तो शब्द घातला आणि चित्र आलं. “चाललं ना? मग!” असं त्याचं उत्तर आहे.

कर्नलसाहेब | शनिवार, रात्री ९:४०

वाटलंच. व्हिडिओवाले ‘घाला’ सांगतात, ‘मग काढा’ कुणी सांगत नाही. तो शब्द गाडी ढकलून सुरू करण्यापुरता असतो. जन्मभर ढकलत न्यायची नसते.

आधी तात्पुरतं करून बघू, म्हणजे बिघडलं तरी पुढच्या वेळी मशीन आत्तासारखंच सुरू होईल. मशीन सुरू करताना शिफ्ट दाबून धरायची. ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी येईल. पहिल्या ओळीवर असताना ‘ई’ दाबायचं. आलेल्या मजकुरात ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधायची. ती पुढच्या ओळीवरही सांडलेली असते. तिच्या शेवटचा ‘नोमोडसेट’ खोडायचा आणि एफ१० दाबायचं. हा बदल त्या एका वेळेपुरताच.

रानजाई | रविवार, सकाळी १०:३०

केलं. पडदा काळाकुट्ट. बाबा म्हणाले, “लाईट गेल्यासारखं झालं.” पाच मिनिटं थांबलो, काही नाही. कॅप्स लॉकचा दिवा मात्र दाबला की लागतो, पुन्हा दाबला की विझतो. शेवटी बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर जुनं फुगलेलं चित्र परत आलं. आई विचारतेय की आहे ते काय वाईट होतं.

विदर्भातला_पान्हा | रविवार, सकाळी ११:००

राजेहो, मी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, सॉफ्टवेअरमधलं मला फार कळत नाही. पण कॅप्स लॉक लागतो म्हणजे मशीन जिवंत आहे. असा काळा पडदा दुकानात आला की आम्ही पहिले बॅटरी मारतो. पुन्हा तसंच सुरू करा, काळा झाला की खोलीत अंधार करा आणि हातातल्या टॉर्चचा झोत पडद्यावर तिरपा टाका. अगदी जवळून. आत चित्र असलं तर भुतासारखं फिकट दिसते. दिसलं तर पडदा चांगला आहे, फक्त मागचा दिवा विझला आहे.

रानजाई | रविवार, रात्री ८:४५

दिसलं!!!

बाबांनी शेतावर न्यायची मोठी बॅटरी घेतली, आईने खिडकीला चादर लावली. पडद्यावर पासवर्डची चौकट आणि बाबांचं नाव. बाबांचे शब्द : “अक्षर बारीक आहे पण रेखीव आहे.” म्हणजे माप बरोबर लागलंय, फक्त अंधारात!

कर्नलसाहेब | रविवार, रात्री ९:१५

पान्हासाहेब, सलाम. मी बसल्या जागी दोन दिवस लॉग मागत बसलो असतो.

चित्र आता स्पष्ट आहे. (टॉर्चशिवायही.) दोष दोन होते आणि एकाने दुसऱ्याला झाकलं होतं. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मागच्या दिव्यावर दोन-तीन जण हक्क सांगतात : इंटेलचा ड्रायव्हर, एसीपीआय म्हणजे फर्मवेअरमधली व्यवस्था, आणि कधी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. इथे फर्मवेअरची व्यवस्था पुढे होऊन उजेड शून्यावर नेत असावी. मामेभावाने नोमोडसेट घातलं, ड्रायव्हरच उठला नाही, दिवा बायोसने लावला होता तसाच राहिला आणि चित्र दिसलं. त्याला वाटलं रोग गेला.

उद्या पुन्हा तीच ‘ई’ची वाट. ‘नोमोडसेट’ खोडून त्याच जागी लिहा : ए-सी-पी-आय, खालची रेघ (शिफ्ट धरून डॅशची कळ), बी-ए-सी-के-एल-आय-जी-एच-टी, बरोबरचं चिन्ह, एन-ए-टी-आय-व्ही-ई. मध्ये कुठेही जागा नाही. दिव्याचा कारभार इंटेलच्या ड्रायव्हरकडे द्या, असा त्याचा अर्थ. नाही चाललं तर शेवटच्या शब्दाऐवजी ‘व्हेंडर’ घालून पाहू, व्ही-ई-एन-डी-ओ-आर.

रानजाई | सोमवार, रात्री ९:०५

पहिल्या वेळी ‘फाईल सापडत नाही’ असं आलं. शोधता शोधता कळलं की मी “सगळ्यात शेवटी लिहा” म्हटलं आणि बाबांनी खरंच सगळ्यात शेवटी, ‘इनिटआरडी’च्या ओळीपुढे लिहिलं. चूक माझीच.

दुसऱ्या वेळी बरोबर ओळीत घातलं. आणि फोनवर शांतता. मला वाटलं पुन्हा काळोख. मग आवाज आला, “घड्याळ गोल झालं गं.”

उजेडाच्या कळाही चालतात! एक्सरँडरमध्ये आता ‘एलव्हीडीएस-१’ आणि १३६६ × ७६८.

कर्नलसाहेब | सोमवार, रात्री ९:२०

वा! आता कायमचं करून टाका, नाहीतर पुढच्या वेळी घड्याळ पुन्हा लंबगोल. ‘सुडो’, जागा, ‘नॅनो’, जागा, तिरकी रेघ, ई-टी-सी, तिरकी रेघ, ‘डीफॉल्ट’, तिरकी रेघ, ‘ग्रब’. त्यात ‘क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट’ अशी अवतरणातली ओळ असेल. फक्त शेवटचा शब्द बदलून आजचा घालायचा, अवतरणचिन्हं सांभाळायची. कंट्रोल-ओ, एन्टर, कंट्रोल-एक्स. मग ‘सुडो’, जागा, ‘अपडेट-ग्रब’. ही दुसरी आज्ञा विसरलात तर बदल नुसता फाईलमध्येच राहील.

विदर्भातला_पान्हा | सोमवार, रात्री ९:४०

नवीन पडदा विकला गेला असता न माझा. काहून सांगितलं मी.

डब्लिनचा_पाऊस | मंगळवार, पहाटे ३:१०

चालत्या धाग्यात घुसतोय. माझा १४ इंची, १९२० × १०८०, उबुंटू. सगळं मुंगीएवढं दिसतं. रिझोल्यूशन १३६६ वर आणलं तर अक्षरं मोठी होतात पण धूसर. काय करू?

कर्नलसाहेब | मंगळवार, सकाळी ७:३०

रिझोल्यूशन परत वर न्या. तुमचा आजार माप नव्हे, स्केलिंग, म्हणजे त्याच मापात सगळं किती पट मोठं दाखवायचं ते. १४ इंचात फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण १५७ ठिपके. रानजाईंच्या बाबांकडे इंचाला १०० च आहेत. डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’ सुरू करून १२५ टक्के ठेवून बघा. काही जुनी ॲप्स त्यात किंचित धूसर दिसतील. खपत नसेल तर स्केलिंग १०० वर ठेवून ‘ट्वीक्स’ नावाच्या ॲपमधून नुसता फॉन्ट मोठा करा, १.२५ पट. बाकी वेगळा धागा काढा, इथे बाबांचा लॅपटॉप आहे.

रानजाई | बुधवार, रात्री ८:००

कायमचं झालं. तीनदा बंद-चालू करून पाहिलं, व्यवस्थित.

आता नवीन तक्रार. बाबा म्हणतात, “रेखीव आहे, पण बारीक आहे. आधीचं वाचायला बरं होतं.” !!! पाच दिवस आपण सगळे काय करत होतो?

पुष्करिणी | बुधवार, रात्री ८:१२

=)) =)) काकांना दंडवत.

कर्नलसाहेब | बुधवार, रात्री ८:३०

त्यांचं बरोबर आहे. सत्तरीच्या डोळ्यांना ठळक अक्षर हवं, ते मिळालंच पाहिजे. फक्त त्यासाठी पडद्याचं माप बिघडवायचं नाही. सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’, त्यात ‘फॉन्ट्स’, तिथे ‘कस्टम डीपीआय’वर खूण करायची. आकडा ९६ असेल, तो १२० करा. अक्षरं सव्वापट होतील आणि शिरोरेषा जागेवर राहील. पीडीएफला हे लागू नाही, तिथे कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह.

टंकलेखक_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:५०

मा. कर्नलसाहेब, श्री. पान्हा, श्री. सोलापुरी चादर व इतर सर्व सभासद यांस,

मी रानजाईचा पिता. काल रात्री मुलीने फोनवर येथे खाते उघडून दिले. आपण सुचविल्याप्रमाणे आकडा १२० केला. अक्षर योग्य दिसत आहे. आज सकाळी पहिल्या अध्यायाच्या चाळीस ओव्या चष्मा न पुसता वाचल्या.

एक शंका आहे. हा मजकूर टंकित करण्यास मला पाऊण तास लागला, कारण या यंत्रावरील मराठी कळा टंकलेखन यंत्राप्रमाणे नाहीत. ‘क’ जिथे हवा तिथे नाही. आमच्या कचेरीतील रेमिंग्टनच्या कळा या यंत्रावर बसविता येतील काय?

आपला विश्वासू.

कर्नलसाहेब | गुरुवार, सकाळी ७:०५

काका, येतील. ‘आयबस-एम१७एन’ नावाचं पॅकेज लागेल, त्यात मराठीच्या यादीत रेमिंग्टन आहे. नवीन धागा काढा, मी तिकडे येतो. या वेळी आज्ञा थेट तुम्हालाच सांगतो.